पोशेऱ्याच्या विहिरीतला राखी थर

सुटा दगड म्हणजे अफवा, असं आमचे सर म्हणत. आपल्या जागी, आपल्या थरात बसलेला दगड हा पुरावा. कोणीतरी खिशातून काढून तुमच्या हातावर ठेवला तर ती नुसती बातमी, खरी निघेल किंवा खोटी.

सत्तरच्या दशकातल्या त्या फाल्गुनात माझ्याजवळ अशी एकच बातमी होती, मुठीएवढं राखी रंगाचं ढेकूळ. माझा एक जुना विद्यार्थी जव्हारकडे शिक्षक होता. खोडाळ्याजवळच्या एका नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यातून त्यानं ते उचललं आणि सुट्टीत पुण्याला आला तेव्हा मला आणून दिलं. भिंगाखाली धरलं की त्यात तांदळाच्या कणीएवढे शंख दिसत. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे.

यात एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. जव्हार-मोखाड्याचा सगळा मुलूख काळ्या दगडाचा. लाव्ह्याचा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, अशी ती चळत. गोगलगायी लाव्ह्यात राहत नाहीत. त्यांना तळं लागतं, चिखल लागतो, आणि मुख्य म्हणजे निवांत काळ लागतो. म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मध्ये कधीतरी ही आग थांबली होती, पाणी साचलं होतं, त्यात गाळ बसला होता आणि पुढच्या लाव्ह्यानं ते सगळं झाकून टाकलं होतं. तो गाळाचा थर जागेवर सापडला तर माझ्या प्रबंधाला कणा मिळणार होता. नाही सापडला तर ढेकूळ कागदावर ठेवायच्या वजनाच्या लायकीचं.

माझं उमेदीचं वय गाळाच्या खडकांवर गेलेलं. कर्नाटकाच्या सीमेवरच्या जुन्या वालुकाश्मांमागे मी कित्येक उन्हाळे फिरले होते, आणि लिहायला बसले त्याच हिवाळ्यात दुसऱ्या कोणाचं तेच काम छापून आलं. डोंगर तेच, निष्कर्ष तेच, नाव दुसऱ्याचं. आता पस्तिशी उलटलेली, घरी दोन मुलं, आणि कॉलेजनं मोठ्या मिनतवारीनं दिलेली आठवड्याची रजा. निघताना नवरा म्हणाला, "सापडेल गं." तो असं म्हणाला की मला हमखास धडधडायला लागतं.

जव्हार

वाडा गाव मागे पडलं आणि रस्ता चढू लागला. एस.टी.च्या टपावर माझी हत्यारांची कॅनव्हासची पिशवी होती. प्रत्येक वळणाला मी मान बाहेर काढून ती आहे ना ते बघत होते. शेजारच्या बाईनं शेवटी विचारलं, "वर बोकड हाय का तुमचा?" जव्हारच्या डेपोत पिशवी उतरवताना कंडक्टरच्या हातून सुटली. हातोड्याचा दांडा मधोमध मोडला.

गाव पठारावर वसलेलं. खालच्या कोकणात अंगाची काहिली होत असताना इथे संध्याकाळी वारा सुटतो आणि माणसं रस्त्यावर येतात. गावाबाहेर संस्थानी राजवाडा उभा आहे. बाजारात कापडाची, भांड्यांची, सुक्या मासळीची दुकानं. हे सगळं मी नंतर पाहिलं. त्या दिवशी मला दिसत होता फक्त मोडका दांडा. त्यातच शाळेत कळलं की माझा विद्यार्थी महिन्याभरापूर्वी बदली होऊन समुद्राकडच्या गावी गेला. ती विहीर नेमकी कुठली हे सांगणारा एकमेव माणूस गेला होता. विश्रामगृह कुठल्याशा साहेबांच्या मंडळींनी भरलेलं. दिवस कलत होता.

दांडा बसवून घ्यायला म्हणून मी कासिमभाईंच्या दुकानात शिरले. कोयते, विळे, कुऱ्हाडी, पहारी यांचं ते दुकान. मागे भट्टी. कासिमभाई साठीचे, बारीक चणीचे, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यांनी हातोडा उलटसुलट करून पाहिला.

"हा सुताराचा नाही, गवंड्याचा नाही. कशाचा?"

"दगड फोडायचा. मी खडकांचा अभ्यास करते."

"बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि आत आवाज दिला, "अगं, बाहेर ये जरा. पुण्याहून एक बाई आल्यात, एकट्या." जणू दांड्यापेक्षा हीच दुरुस्ती तातडीची होती.

मी त्या रात्री त्यांच्या घरी राहिले. त्यांच्या बायकोनं, झुबेदाभाभींनी, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, त्यांबरोबर वाटाण्याचा रस्सा. मी मटण खात नाही हे ऐकून त्यांना इतकं वाईट वाटलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह वाढताना करतात. इथे पान आधीच शीग लावून येतं, आणि मग घरची माणसं तुमच्याकडे न बघता शांत जेवतात. आग्रहाला नाही म्हणता येतं, या शांततेला येत नाही. मी सगळं संपवलं.

"सोनं शोधता का?" भाभींनी विचारलं.

"नाही. शंख. बारीक शंख."

"समुद्र तर तिकडे राहिला."

मी तळ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. मग कासिमभाई म्हणाले, "बाई, एक सांगतो. पाड्यांवर जाल, तर पिशवीतली ती मोजायची टेप लगेच काढू नका. मोजायला कोणी आलं की लोकांना वाटतं धरण येणार, नाहीतर जंगलखातं जमीन घेणार. कोणी बोलणार नाही तुमच्याशी."

सकाळी त्यांनी धामणीच्या लाकडाचा नवा दांडा घालून दिला. तो हातात घेतला तेव्हा आदल्या दिवसापासून पहिल्यांदा मला जरा बरा श्वास आला.

खोडाळा

मोखाड्यावरून खोडाळ्याला जाणारी गाडी डोंगराच्या कडेकडेनं जाते. त्या दिवसांत उतारांवर राब भाजत होते. वाळला पाला, काटक्या आणि शेण पसरून जमीन भाजायची, मग पावसात तिथे भाताचं आणि नागलीचं रोप टाकायचं. जिकडेतिकडे निळसर धूर आणि काळे चौकोन. माझा पुण्याचा डोळा सारखा दचकत होता, कुठे वणवा लागलाय म्हणून. गाडीतल्या कोणाचं तिकडे लक्षही नव्हतं.

खोडाळ्यात विहीर विचारत मी तीन ठिकाणी फिरले. शेवटची खरी निघाली. ती खणून झाली होती आणि आतून वरपासून खालपर्यंत दगडानं बांधून काढलेली होती. सुबक काम. एक बोटभरही मूळ खडक कुठे उघडा नव्हता. ढिगारा? तो रस्त्याच्या भरावात गेला होता.

मी त्या काठावर बसून राहिले. खाली हिरव्या पाण्यात माझं डोकं दिसत होतं. त्या बांधकामाच्या मागे, हातभर अंतरावर, माझा थर होता. असणार. असेल. हे तिन्ही शब्द मी एकामागून एक मनात म्हणून पाहिले. सरांचं वाक्य आठवलं. आता अफवाही उरली नव्हती, अफवेची जागा तेवढी कळली होती.

बाजाराचा दिवस होता. परतीची गाडी दुपारनंतर, म्हणून मी बाजारात वेळ काढला. सुकट, मीठ, मिरच्या, बांगड्या, कोंबड्या, करवंदांचे पहिले आंबट वाटे. माती सगळीकडे लाल. माणसांच्या टाचा लाल, लुगड्यांचे काठ लाल, बैलांची पोटंसुद्धा. आणि मिठाच्या दुकानापाशी उकिडव्या बसलेल्या एका बाईच्या पोटऱ्यांवर मात्र वाळलेला राखी चिखल होता.

मी थेट तिच्यासमोर जाऊन बसले. कासिमभाईंचा सल्ला साफ विसरले.

"तुमच्या पायाला लागलीय ती माती कुठली हो?"

तिनं लुगडं खाली ओढलं. "कोन तू?"

"मी पुण्याची. शिकवते. ही माती..." एवढं बोलून मी खरोखरच हात पुढे केला. ती उठून उभी राहिली. आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "याड लागलाय बायला."

माझी लाज एव्हाना संपली होती. मी पिशवीतून ढेकूळ काढलं, त्यावर भिंग धरलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं वाकून पाहिलं. मग भिंग काढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं.

"शिंपल्या," ती म्हणाली. "आमचे विहिरीत आहात. लय आहात."

"कुठल्या विहिरीत?"

"पोशेऱ्याला. आमी खनतो ना."

तिचं नाव चिमाबाई. माझ्याच वयाची असावी, पण चेहरा अधिक उन्हाळे पाहिलेला. ती आणि तिचा दीर रावजी दोघंही सरकारी कामावर विहीर खणत होते. "येतेस तर ये," ती म्हणाली, "पन चालाया लागल." परतीच्या गाडीचा विचारही माझ्या मनात आला नाही.

पोशेरा

वाटेत मी चिमाबाईला सारखं विचारत होते. थर किती जाड? वर काय? खाली काय? ती एकदाच म्हणाली, "खाली अजून गेलो नाय," आणि नंतर माझ्या प्रश्नांकडे लक्ष न देता चालत राहिली.

तिच्या घरी कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन. कोणी नावगाव विचारलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं. इथे सगळ्यांना 'तू'च म्हणतात, तहसीलदाराला आणि देवालाही. 'अहो-जाहो'त वाढलेल्या मला पहिल्या दिवशी ते टोचलं. दुसऱ्या दिवसापासून घरच्यासारखं वाटू लागलं. नागलीची भाकरी आणि उडदाचं घट्ट कालवण. पाणी मात्र लोटीत मोजकं आलं. मी ते घटाघट प्यायले आणि पुन्हा लोटी पुढे केली, तेव्हा चिमाबाईच्या सुनेनं हंड्याकडे पाहिलं. ते पाहणं मला उशिरा समजलं.

विहीर पाड्याच्या खालच्या अंगाला होती. ढिगाऱ्याचा वरचा भाग राखी. मी धावतच गेले. एक ढेकूळ फोडलं, दुसरं फोडलं. प्रत्येकात शंख. पांढरे, कोवळ्या नखासारखे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते बायकांनी पाहिलं, आणि बहुधा घरी काही दुःख असेल असं समजून कोणी काही बोललं नाही.

आत उतरायचं तर आखूड खुंट ठेवून तासलेला एक उभा बांबू. मला उंचीची भीती आहे, खोलीची त्याहून जास्त. रावजीनं माझ्या कमरेला दोर बांधला. तो पन्नाशीचा, कामकऱ्यांच्या टोळीचा मुकादम, कमी बोलणारा. "खाली नको बघू," तो म्हणाला. मी खालीच बघितलं. अर्ध्या वाटेत मी बांबूला मिठी मारून थांबले. वरून कोणी हसलं नाही, याचे उपकार मी अजून विसरले नाही.

खाली टेकले आणि भीती गेली. वर भोकाभोकांचा काळा खडक, ज्याला विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात. त्याच्याखाली, सुरीनं कापल्यासारख्या सरळ रेषेत, माझा राखी थर. जागेवर बसलेला. हात लावला तर गार, साबणासारखा. थराचा फक्त वरचा, कमरेएवढा भाग उघडा झाला होता. तळ अजून पुढे जमिनीत होता.

आणि त्या सरळ रेषेतून, काळा आणि राखी जिथे भेटत होते तिथून, पाणी पाझरत होतं. झरा नव्हे. घाम फुटावा तसे थेंब, चारी बाजूंनी. पायाशी घोट्याइतकं साचलेलं.

मी वर आले तेव्हा ओव्हरसियर सावंत सायकल टेकवून उभे होते. तरुण, तळकोकणातले, उन्हानं वैतागलेले. मी कोण ते कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं मॅडम, देवासारख्या आलात. हे लोक ऐकत नाहीत. मंजूर आहे तेवढं खोल अजून जायचंय. उद्या सुरुंग लावायचे ठरलेत. पण निम्मे म्हणतात पाणी लागलंय, आता नको. तुम्ही सांगा यांना, खाली गेलं की झरा लागेल म्हणून."

"आणि बाकीचे निम्मे?" मी विचारलं.

रावजी म्हणाला, "मी म्हनतो फोडू. घोट्याएवढं पानी वैशाखात टिकल का? खाली जास्त आसल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायका, पाट्या घेतलेले गडी, सावंत.  मला गोगलगायी कळतात. हजारो वर्षं थांबलेलं पाणी कळतं. येत्या वैशाखात पाणी असेल का, हा माझा विषय कधीच नव्हता.

पण जे पाहिलं होतं त्याचा अर्थ मला दिसायला लागला होता, आणि तो दिसू नये असं वाटत होतं. राखी थर चिकणमातीचा, म्हणजे पाणी न सोडणारा. वरच्या भोकांच्या खडकातून झिरपलेलं पाणी त्याच्यावर अडलं होतं, परातीत अडावं तसं. परातीला भोक पाडलं तर? खाली आणखी चिरफळलेला खडक असेल तर आहे तेवढंही निघून जाईल. की रावजी म्हणतो तसं खाली खरंच जास्त असेल? खात्रीनं सांगणारं काहीच माझ्याकडे नव्हतं.

आणि खरी गोम वेगळीच होती. सुरुंग लागले असते तर मला माझा थर वरपासून तळापर्यंत, अख्खा मिळाला असता. ज्यासाठी आले ते सगळं उद्या दुपारपर्यंत उघडं पडलं असतं. नाही लागले तर काम इथेच थांबणार, दगडी बांधकाम चढणार, आणि हा थरही खोडाळ्यासारखा कायमचा झाकला जाणार.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा," मी सावंतांना म्हटलं. "मला पाणी परत किती भरतं ते बघायचंय."

ते कुरकुरले, पण थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांनी विहिरीतलं पाणी उपसून ती कोरडी केली. मी रावजीला भिंतीवर खडूनं रेघा मारायला सांगितल्या आणि काठावर पळसाच्या सावलीत बसले. पळस पेटल्यासारखा फुलला होता. त्याच्याकडे पाहावंसं वाटेना. पाणी दिसेल असं काही वाढत नव्हतं. मी दर थोड्या वेळानं वाकून बघत होते. जरा वाढलं असं वाटे, मग नाही असं वाटे. कधी वाटे, हे फारच कमी आहे, फोडू द्यावं. लगेच मनात येई, हे कोण बोलतंय? विहीर बघणारी की प्रबंध लिहिणारी? मी माझं मत तपासायला जाई आणि प्रत्येक वेळी त्याच्या तळाशी माझाच हात सापडे. उलटही वाटे. आपल्याला हवं आहे म्हणूनच आपण घाबरून नको म्हणतोय का? तसं असेल तर त्यानंही गावाचंच नुकसान.

चिमाबाई शेजारी येऊन बसली. तिनं करवंदं आणली होती.

"आता पानी कठून आणता?" मी तिच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला.

ती हसली. मग ओहोळाच्या वाळूत खणलेल्या खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तठं डवरा आहा. वैशाखात बाया रांगंत बसतात. करवंटीनं भरायचं. एक हंडा भरं तवर दुसरीचा पोर रडून झोपून जातो." जरा थांबून तिनं विचारलं, "फोडलं तर तुला काय मिलल?"

मी चमकले. "मला? ही राखी माती सगळी बघायला मिळेल. तळापर्यंत."

"आन नाय फोडलं तर?"

"अर्धीच."

तिनं करवंदाचं बी थुंकलं. "मंग तुझी अर्धी, आमचं अर्धं. सगलं कोनाला मिलतं?"

ती माझी समजूत घालत नव्हती. तिनं फक्त वाटणी केली होती, बाजारात मीठ वाटून घ्यावं तशी. विहिरीचं काय करावं हे तिलाही माहीत नव्हतं, तसं ती म्हणालीही. पण माझ्या छातीवरचं काहीतरी हललं.

ऊन उतरलं तेव्हा पाणी रावजीच्या दुसऱ्या रेघेला टेकलं होतं. फार नव्हे. पण सकाळी उपसलं होतं जवळजवळ तितकं, आणि ते अजून येत होतं. सावंत आले. मी उठून उभी राहिले. 

"खाली फोडू नका. राखी मातीला भोक पडलं तर पाणी निसटेल असं मला वाटतं. खोल जायच्याऐवजी विहीर रुंद करा. राखी मातीच्या वर, काळ्या दगडात, आडवं खणा. पाणी तिथून येतंय."

"वाटतं की नक्की?" सावंतांनी विचारलं.

"वाटतं."

"मॅडम, वैशाखात हे आटलं तर लोक मला धरतील. तुम्ही पुण्यात असाल."

"माझं नाव सांगा. तसं लिहूनही देते."

रावजीला ते पटलं नव्हतं. "पानी खाली आसतं बाय," तो म्हणाला, "वर नाय आसत." त्याच्या घरीही रिकामे हंडेच होते, मी काय सांगणार?  सावंतांनी बराच वेळ सायकलची घंटी उगाच वाजवली. मग म्हणाले, "ठीक आहे. रुंद करू. पण मग परवापासून बांधकामाचे दगड येतील."

माझ्या हाती मधला एक दिवस राहिला.

तो दिवस मी विहिरीतच काढला. थराचा उघडा भाग वितीवितीनं वहीत उतरवून घेतला, प्रत्येक वितीचे तुकडे वेगळे बांधले. दुपारी एक पापुद्रा सुरीनं उचलला आणि खाली एक पान होतं. तपकिरी, अखंड, शीर न् शीर स्पष्ट, आत्ताच गळून पडल्यासारखं. मी ओरडले असणार, कारण चिमाबाई आणि रावजी दोघंही खाली वाकले.

"जांभळीचं दिसं," चिमाबाई म्हणाली.

जांभळीचं नव्हतं. पण मीही तेच म्हणणार होते. ओल्या कापडात गुंडाळून ते पाटीतून वर नेलं. वर वारा होता. कापड बाजूला केलं तेव्हा पानाच्या कडा वळायला लागल्या होत्या. मी सावली धरली, तोंडानं पाणी शिंपडलं, पदर धरला. बघता बघता त्याचा भुगा झाला आणि वाऱ्यानं नेला. राखी मातीवर एक पुसट ठसा राहिला. त्याचा कोणी विद्वान काही अर्थ लावू शकणार नव्हता. मी मटकन खाली बसले. रावजी त्या ठशाकडे बघत होता. मग आदल्या दिवसापासून धरलेला अबोला सोडून म्हणाला, "व्हतं. मी पाह्यलं."

वैशाखात, पुन्हा

पुण्याला येऊन मी कामाला लागले, पण ते वर्ष काही सुखाचं गेलं नाही. शंख ओळखले गेले, दगडाचे पातळ काप काढले, आकृत्या झाल्या. सर प्रथमच समाधानानं "हं" म्हणाले. रात्री मात्र मला पोशेऱ्याची विहीर दिसे, कोरडी. दर वेळी कोरडीच. पत्र टाकून विचारावं तर वाचून दाखवणार कोण, आणि उत्तर काय येणार, या भीतीनं टाकलं नाही. नवरा म्हणाला, "जाऊन बघून ये." पुढच्या वैशाखात गेले.

जव्हारला झुबेदाभाभींनी ठेवून घेतलं. पोशेऱ्याचं काही कळलं का विचारलं, तर कासिमभाई म्हणाले, "तिकडून माणूस येतं, पाण्याची खबर कोण आणतं?" मोखाड्यात उतरले तेव्हा डोंगर करपून गेलेले. वाटेतले दोन ओढे कोरडे ठणठणीत. चढावर दोनदा बसले. दमले होते, पण उठायची इच्छाही होत नव्हती. पाड्याच्या अलीकडे डवरा लागला. त्याच्याभोवती कोणी नव्हतं. रांगेतल्या बाया कुठे गेल्या? विहिरीवर? की पाड्यातलं माणूसच पाण्यापायी उठून गेलं? मला कळेना की हे चांगलं की वाईट, आणि मी शेवटचं अंतर जवळजवळ पळतच गेले.

विहिरीवर बायका होत्या. रांग होती, भांडणही चालू होतं. पोहरा खाली जाऊन आपटला आणि जो आवाज आला तो दगडाचा नव्हता.

मी वाकून पाहिलं. पाणी खोल होतं, थोडं होतं, मांडीभर असेल नसेल. पाऊस वेळेवर आला तर पुरणार, लांबला तर नाही. गावाची तहान भागली असं म्हणता येईना. पण होतं. दगडी बांधकामाच्या खालच्या कडेशी, पाण्याच्या आत, सगळा काळोख. राखी रंगाची एक रेघही कुठे दिसत नव्हती.

चिमाबाईनं मला पाहिलं. लोटी भरून पुढे केली आणि म्हणाली, "लवकर पी, बाया वरडतील." मी प्यायले. पाण्याला मातीची चव होती. दुसरी लोटी मी मागितली नाही.

"रावजी काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हनतो, खाली जास्त आसतं." ती हसली. "रोज म्हनतो. आन रोज येऊन हंडा भरतो."

प्रबंधाची तोंडी परीक्षा पुढच्या हिवाळ्यात झाली. बाहेरून आलेले परीक्षक ज्येष्ठ, शांत आणि कडक होते. पोशेऱ्याच्या थराची आकृती त्यांनी बराच वेळ न्याहाळली. त्या उभ्या स्तंभात वरची सीमा ठळक रेघेनं काढली होती, आणि खाली तुटक रेघ. "इथे तळ दाखवलेला नाही," ते म्हणाले. "विहीर खणली जात असताना तुम्ही स्वतः तिथे हजर होतात. मग तळ का पाहिला नाहीत?"

सर माझ्याकडे बघत होते.  बरीच शास्त्रीय उत्तरं मी पाठ करून आले होते.

"पाणी होतं," मी म्हटलं.